मुजावर मॅडम टायर बघतात

मुजावर मॅडम समोरच्या माणसाचं तोंड नंतर बघतात. आधी त्याच्या गाडीचे टायर बघतात.

त्यांच्या भाचीला स्थळ आलं होतं. मुलगा इचलकरंजीचा, घरचे यंत्रमाग, दिसायला चांगला, बोलायला मऊ. चहा झाला, नाश्ता झाला, दोन्हीकडची माणसं खूश. पाहुणे निघाले तेव्हा सगळं घर त्यांना पोचवायला दारात आलं. मुजावर मॅडम मात्र मुलाच्या गाडीला वळसा घालून गेल्या आणि पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या. गाडी गल्लीच्या बाहेर पडल्यावर घरात येऊन म्हणाल्या, "नको."

"नको का?" भावानं विचारलं.

"टायर आतल्या अंगानं झिजून गुळगुळीत झाल्यात. वरनं गाडी चकाचक. अलाइनमेंट कराय वेळ न्हाई त्या माणसाला. त्यो बायकोकडं काय बघणार?"

भावानं कपाळाला हात लावला, पण भाचीनं आत्याचं ऐकलं. पुढं तिनं जो मुलगा पसंत केला त्याच्याकडं गाडीच नाही, आणि या जावयावर मॅडम बेहद्द खूश आहेत.

मी आणि मुजावर मॅडम एकाच शाळेत. मी मराठी शिकवते, त्या भूगोल. शाळा राधानगरी रस्त्यावर, हळदी गावाच्या बरीच पुढं, उसाच्या रानात. आम्ही दोघी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, त्यामुळं सकाळी त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत पहिली मी बसते. रंकाळ्यावर पाटील सर चढतात. ते व्यायामशिक्षक. पुढच्या सीटवर बसतात, पट्टा लावतात आणि झोपतात. पुईखडीला सुप्रिया चढते. ती विज्ञान शिकवते, आमच्यात सगळ्यात लहान, लग्न होऊन त्या भागात आलेली. ती मागं माझ्याशेजारी बसते. चार माणसं, चार डबे आणि मॅडमची काळजी, एवढं सगळं त्या गाडीत रोज जातं आणि रोज परत येतं.

मॅडमचा शब्द म्हणजे 'समजा'. भूगोलाच्या तासाला तो शोभतो. समजा, पृथ्वी फिरायची थांबली. समजा, सह्याद्री नसताच. पण गाडी चालवताना तोच शब्द अंगावर येतो.

"समजा, त्या ट्रॉलीतला ऊस आत्ता सुटला."

"समजा, त्या म्हशीनं विचार बदलला."

"समजा, पाटील सरांचा पट्टा तुटला."

हे सगळं त्या शांत आवाजात बोलतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, नजर रस्त्यावर. आरडाओरडा केला असता तर इतकी भीती वाटली नसती. सुरुवातीला मी हसायची. आता त्या गप्प असल्या तरी मला समोरच्या म्हशीच्या डोळ्यांत विचार बदलताना दिसतो. पोरं त्यांना 'समजा मॅडम' म्हणतात. पाटील सर म्हणतात, "मला झोप येत न्हाई ओ, मी डोळं मिटून घेतो."

एका वर्षी पाऊस सरला आणि रस्त्यात खड्डे ठेवून गेला. एका सकाळी हळदीच्या पुढं, पाण्यानं भरलेला एक खड्डा मॅडमना सपाट रस्ता वाटला. धाडकन आवाज झाला. पाटील सरांचे डोळे उघडले. मॅडमनी गाडी कडेला घेतली, उतरल्या आणि पुढच्या डाव्या चाकापाशी बसल्या ते उठेचनात. मी जाऊन बघितलं तर टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता.

"आतली दोरी तुटली," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "आता ह्यो कवाबी फुटंल."

"महिनाभर चालतंय की मॅडम," पाटील सर म्हणाले.

"चालंल. समजा न्हाई चाललं?"

पाटील सरांनी गपगुमान स्टेपनी लावली. उरलेले तीन टायरही तसे म्हातारेच होते, त्यामुळं चारी नवीन घ्यायचे हे तिथंच, रस्त्याच्या कडेला, ठरलं. तेवढ्यावर विषय संपला असता. पण सुप्रिया म्हणाली, "मॅडम, टायर बदलताय तर चाकंबी बदला की. अलॉय घाला. गाडी तरणी दिसंल."

अलॉय म्हणजे त्या चकचकीत नक्षीदार रिमा. आमच्या गाडीला काळ्या लोखंडी रिमा होत्या, त्यावर प्लॅस्टिकच्या टोप्या, आणि त्यातली एक टोपी भोगावती नदीच्या पुलावर कधीच उडून गेली होती.

"हट्," मॅडम म्हणाल्या. "रोजच्या गाडीला कशाला पाहिजे नटवं काम?"

दुसऱ्या दिवशी पुईखडीला सुप्रियानं दार उघडलं, तर आत बसायच्या आधीच मॅडम म्हणाल्या, "काल ते अलॉयचं काय म्हणत हुतीस गं?"

तिथून पुढं आमच्या गाडीत दुसरा विषय निघाला नाही. मॅडमना एका गोष्टीची भीती वाटायची, तिचं उत्तर मिळालं की त्या उत्तराची भीती वाटायची. अलॉय घातल्या आणि समजा गल्लीतनं चोरीला गेल्या? मग चोरीला न जाणारे नट मिळतात असं कळलं. समजा त्या नटांची किल्लीच हरवली? समजा किल्ली घरात राहिली आणि पंक्चर राधानगरीत झालं? त्या एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायच्या, प्रत्येक टायर फिरवून त्याच्यावर छापलेला बनवल्याचा आठवडा आणि वर्ष वाचायच्या आणि दुकानदाराला विचारायच्या, "जन्मल्यापास्नं ह्यो कुठं हुता? उन्हात हुता का सावलीत?" शाहूपुरीतल्या एका दुकानदारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम टायर घेणार हायत का दत्तक घेणार हायत?"

सोळा इंची रिमा घाला, गाडी लई भारी दिसंल, असं तोच दुकानदार म्हणाला. मॅडमनी दुसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत आमचा वर्ग घेतला. स्टीलचं ताट ठेवलं, मधे वाटी ठेवली.

"ताट म्हणजे सगळं चाक. वाटी म्हणजे रिम. मधी उरतंय ते रबर. आता ताट तेवढंच ठेवाय लागतंय, न्हाईतर वेगाचा काटा खोटं बोलाय लागतो. मग वाटी मोठी केली तर?" त्यांनी वाटी उचलून तिथं पाटील सरांचा वाडगा ठेवला. "भात कुठं वाढणार?"

"वाडग्यात," पाटील सर म्हणाले. त्यांची आमटी त्यात होती.

"रबर कमी झालं!" मॅडम जवळजवळ ओरडल्या. "खड्ड्यातला धक्का सोसणार कोण? रिम सोसणार, न्हाईतर आपण."

मग टायर किती वजन पेलतो ही काळजी निघाली. एका सोमवारी त्या घरून वजनाचा काटा घेऊन आल्या आणि स्टाफरूममध्ये मांडला. आम्हा तिघांना त्यावर चढावं लागलं. पाटील सरांनी बूट काढले, पाकीट काढलं, घड्याळ काढलं आणि श्वास रोखून काट्यावर उभे राहिले.

"श्वास सोडा," मॅडम म्हणाल्या. "गाडीत तुम्ही श्वास घेताच न्हवं?"

घरीही तेच चालू असावं. ती दोघंच राहतात, मॅडम आणि त्यांचे मिस्टर. मुजावरभाईंचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे, मोजकं बोलणारा माणूस. एका सकाळी ते दारात येऊन मला म्हणाले, "ताई, एकदाचं काय ते ठरू द्या. आमच्यात रोज टायरच शिजतंय."

आणि मग मॅडम एका रिमेच्या प्रेमात पडल्या. दुसरा शब्द मला सुचत नाही. शाहूपुरीतल्या त्याच दुकानात, काचेच्या मागं, पंधरा इंची, जुनीपेक्षा इंचभरच मोठी, साधी चंदेरी रिम होती. तिला बारीक बारीक पाती होती, शेवंतीच्या फुलासारखी. ताटात वाटी बेताची बसत होती, नटांची भोकं जुळत होती, म्हणजे भीतीला कारण उरलं नव्हतं. शाळेतून येताना गाडी वळसा घेऊन त्या दुकानापुढं आपोआप हळू व्हायची. ज्या बाईनं मला ओळखल्यापासून राखाडी आणि बदामी सोडून तिसऱ्या रंगाची ओढणी घेतली नाही, ती काचेपुढं उभी राहून म्हणायची, "सुनंदा, जरा जास्तच चमकती का गं?"

"चमकू दे की."

"लोक म्हणतील, ह्या वयात म्हातारीला काय सुचलं."

"समजा म्हणाले," मी म्हटलं. त्या खूप दिवसांनी मोकळ्या हसल्या.

शनिवारी अर्धी शाळा असते. त्या शनिवारी चाकं बसवायची ठरली आणि आम्ही सगळेच दुकानात गेलो. पाटील सर मिसळीच्या आशेनं आले होते. गाडी जॅकवर चढली, जुनी चाकं निघाली, चार नव्या रिमा फरशीवर ओळीनं मांडल्या. मॅडमनी त्यातली एक उचलून मांडीवर घेतली. ओढणीच्या टोकानं तिच्यावरची धूळ पुसली.

"मालक," त्यांनी विचारलं, "खरं सांगा. खड्ड्यात धक्का ह्याच्यात कमी का जुन्यात?"

दुकानदार प्रामाणिक होता. "कमी जुन्यातच बसंल की. तिथं रबर जाड हाय. हिच्यातबी लई फरक न्हाई, पण थोडा हाय."

मॅडमनी मान वळवली. दुकानाच्या दाराशी सुप्रिया प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, रबराच्या वासानं नाकाला रुमाल लावून, डोळे मिटून. मॅडमनी तिच्याकडं बघितलं आणि रिम हळूच फरशीवर ठेवली.

"राहू द्या. जुन्याच रिमा ठेवा. त्याच मापाचे चार टायर द्या, सगळ्यात मऊ असतील ते."

"अवो मॅडम!" दुकानदाराच्या हातातला पाना खाली पडला.

"मॅडम, दिवाळीच्या आधीपास्नं चाललंय हे!" पाटील सर म्हणाले. मीही वैतागले होते. मी म्हटलं, तुम्हाला दुसरी कुठली भीती सापडली का आता? जुन्या काळ्या रिमांवर नवे टायर चढताना मॅडम दुसरीकडंच बघत होत्या. मिसळही झाली नाही.

रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "सुनंदा, मी येतो तुझ्याकडं. जरा बाहेर जायाचं हाय. नवं टायर रुळवाय पाहिजेत." आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी येते' म्हणत नाही, 'मी येतो' म्हणतो. बाहेरची माणसं हसतात, पण जीभ वळत नाही.

गाडी पुईखडीला सुप्रियाच्या दारात थांबली. अंगणात तिच्या सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणतात. आम्हाला बघून त्या उठल्या नाहीत.

"बाई, तुमी कशाला आलाय ते मला ठावं हाय," आक्का म्हणाल्या. "पोरीला दिवस गेल्यात. मागल्या बारीला राहिलं न्हाई. त्या रस्त्यावरनं रोज आदळत जायाचं, आदळत यायाचं. मी न्हाई पाठवणार. राजीनामा दे म्हणून सांगितलंय."

मी सुप्रियाकडं बघितलं. ती दारात उभी होती, डोळे सुजलेले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मॅडमना दोन दिवस आधी कळलं होतं, मधल्या सुट्टीत ती त्यांच्याजवळ रडली होती.

"डॉक्टरीण काय म्हणती?" मॅडमनी विचारलं.

"डॉक्टरीण म्हणती, जाऊ दे, काय हुत न्हाई. तिला काय? ती कुठं येती त्या रस्त्यानं?"

"मग तुमी या," मॅडम म्हणाल्या. "आत्ता. हळदीपातूर जाऊन येऊ. सुप्रिया बसती त्याच जागेवर बसा. आन् पोरी, एका पेल्यात ताक आण. काठोकाठ नको, दोन बोटं कमी."

आक्का नको नको म्हणत उठल्या, कारण त्यांनाही बघायचंच होतं. त्या मागं बसल्या, दोन्ही हातांत ताकाचा पेला धरून. शेजारी मी, पुढं सुप्रिया. आणि गाडी निघाली. वेग असा की दुधाच्या किटल्या लावलेला एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला आणि वळून वळून बघत राहिला. प्रत्येक खड्डा येण्याआधी मॅडम त्याची ओळख करून द्यायच्या. "आता उजवीकडनं एक हाय, आक्का. त्यो आपण चुकवणार. आता एक चुकत न्हाई, त्यो हळूच घेणार." आक्का खिडकीबाहेर बघत नव्हत्या. त्यांचे डोळे ताकावर होते. माझेही. त्या पेल्यात काय काय आहे ते आता मला कळत होतं.

खड्ड्यांत ताक हललं, सांडलं नाही. हळदीच्या अलीकडं मात्र कुणीतरी नवाच गतिरोधक घातला होता, पट्टे न मारलेला. गाडी उचलली, बसली, आणि ताक आक्कांच्या लुगड्यावर सांडलं.

मॅडमनी गाडी कडेला घेऊन थांबवली.

आक्कांनी लुगड्याकडं बघितलं, मग मागच्या काचेतून रस्त्याकडं बघितलं. "ह्यो कुणी घातला मेल्यानं?" त्या म्हणाल्या. "आंधळा हुता का? ह्यात बिचाऱ्या टायरचा काय दोष?" आणि उरलेलं ताक त्यांनी पिऊन टाकलं.

परत आल्यावर दारात उतरताना त्या म्हणाल्या, "उद्यापास्नं येईल. पण मागं न्हाई बसवायची. पुढं बसवा."

"पुढं पाटील सर बसत्यात."

"त्यास्नी मागं टाका."

तसंच झालं. सुप्रिया बाळंतपणाच्या रजेपर्यंत त्याच गाडीतून शाळेत आली, पुढच्या सीटवर बसून. पाटील सर मागं आले, माझ्या खांद्यावर झोपले, आणि मला रोज खिडकीला चिकटून जावं लागलं. आम्ही रोज उशिरा पोचायचो. हेडमास्तर चिडायचे, मग त्यांनीच आमचे पहिले तास दुसऱ्यांना दिले. सुप्रियाला मुलगी झाली. रजा संपवून ती परत कामावर आली, आता आक्का नातीला सांभाळतात.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं, आम्ही दोघीच परत येत होतो तेव्हाचं. पुईखडीच्या उतारावर उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळलं होतं, अर्धा ऊस रस्त्यावर. पुढं गाड्यांची रांग. मॅडमनी इंजिन बंद केलं.

"सांगायचं तरी," मी म्हटलं. "मी काल तुम्हाला काय काय बोलले. त्या रिमा तुम्हाला किती आवडल्या होत्या."

"आवडल्या हुत्या," त्या म्हणाल्या. "मीबी ह्याच रस्त्यानं यायचो, सुनंदा. तुझ्या आधीची गोष्ट. एस्टीनं, उभ्यानं. दिवस गेले तवा सासूबाई म्हणाल्या, नोकरी सोड, धक्के बसतात. मी सोडली. घरात बसलो. खाटेवरनं खाली पाय ठेवू दिला न्हाई कुणी मला. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायचे."

मी त्यांच्याकडं वळून बसले.

"तरी राहिलं न्हाई. आन् परत कवाच न्हाई." त्यांनी ओढणीनं स्टिअरिंग पुसलं, ते स्वच्छच होतं. "रस्त्याचं काय न्हवतं बग. घरात कुठला खड्डा हुता?"

"मग हे टायर, ताक, हे सगळं कशाला?"

"आक्काला डॉक्टरीण दिसत न्हाई. टायर दिसत्यात. माझी नोकरी गेली ती गेलीच. दुसरी मिळाय लई वर्षं गेली. तेवढी वर्षं नुसती खिडकीत बसून गाड्या मोजायचो. ह्या पोरीची नोकरी तरी राहू दे. बाकीचं आपल्या हातात कुठं हाय?"

पुढं ट्रॅक्टर बाजूला झाला. रांग हलली, आमच्या पुढच्या गाड्या उतारावरून निघून गेल्या आणि समोर रस्ता मोकळा झाला. मागच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला. मॅडमनी किल्लीला हात लावला होता, पण ती फिरवली नव्हती. त्या समोर बघत होत्या आणि त्यांचे गाल ओले होते. मागून परत हॉर्न आला, या वेळी लांबलचक.

मी काच खाली केली, हात बाहेर काढला आणि त्याला खूण केली, थांब जरा.